बरा गावची किल्ली

गावाचं नाव बरा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून उत्तरेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, गाडीने दोन तास. पुण्याहून आलेल्या बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बराच ना? मग कशाला जायचं?"

तर, परीक्षण गावाचं नाही, तिथल्या हेरिटेज पासपोर्टचं आहे. माहिती केंद्रात पैसे भरायचे, अनामत ठेवायची, की ते एक पुस्तिका आणि चक्क किल्ली हातात देतात. सोबत गाइड नाही. अकरा किलोमीटरच्या फेरीत कुलूपबंद जागा लागतात. आपणच कुलूप काढायचं, निवांत बघायचं, निघताना पुन्हा लावायचं. मालक गावाला गेलेल्या वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. पहिल्याच कुलपाशी मी पाच मिनिटं झटापट केली. किल्ली उलटी घातली होती.

१८४५ मध्ये इथे मेंढपाळांना तांबं सापडलं. जमीन एकट्याने विकत घेणं कुणालाच झेपेना, म्हणून ॲडलेडचे बडे धनिक आणि दुकानदार-व्यापारी यांनी मिळून २० हजार एकर घेतली आणि चिठ्ठ्या टाकून अर्धी अर्धी वाटली. दक्षिणेचा भाग धनिकांना गेला, तिथे फारसं काही निघालं नाही. उत्तरेला दुकानदारांना घबाड लागलं. हे ऐकून बाबा एवढे खूश झाले की दिवसभर तेच घोळवत होते.

बाबा कसब्यातल्या तांबट आळीतले. लहानपणी मठारकामाच्या ठोक्यांवरच झोपायचे. खाणीच्या काठावर त्यांनी एक हिरवागार दगड अंगठ्याने घासला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की असंच कळकतं." मॅलाकाइटची, म्हणजे तांब्याच्या हिरव्या खनिजाची, याहून सोपी ओळख मला कुठल्या पाटीवर मिळाली नाही. दगड त्यांनी जागच्या जागी ठेवला, हे मुद्दाम लिहिते. खाली खड्ड्यात निळं-हिरवं पाणी साचलंय आणि भोवतीच्या टेकड्या बोडक्या. खाणीला आणि भट्ट्यांना लाकूड लागायचं, तिथेच झाडं गेली.

सगळ्यात जास्त वेळ ओढ्याकाठच्या घरांपाशी घालवा. घरं कसली, काठाच्या मातीत कोरलेली बिळं. भाडं नको आणि बांधायला लाकूड नाही, म्हणून १८५१ च्या सुमारास जवळजवळ १,८०० माणसं अशी राहत होती. त्यात पूर आले आणि रोगराईही झाली. आता त्यातली मोजकीच उरलीत. मी वाकून आत गेले. भिंतीवर हात ठेवला तर माती गार लागली, बाहेर अडतीस डिग्री होतं. बाबा दारातूनच म्हणाले, "पोरं कुठे निजवत असतील गं?"

तुरुंग १८५६ चा. पुढे तिथे मुलींचं सुधारगृह होतं. कोठड्या बघून झाल्यावर बाहेरची हवा बरी वाटते. बिअर कारखान्याची तळघरं पाच मिनिटांत उरकली तरी चालतील.

शेजारच्या व्हिक्टोरिया प्रांतात सोनं सापडल्यावर खाणकामगार तिकडे धावले आणि १८७७ मध्ये खाण बंदच झाली. आज जेमतेम हजारभर वस्ती आहे. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची 'बरा सनद' १९७९ मध्ये इथेच ठरली, ती आता जगभर वापरतात. आणि नावाबद्दल एक गंमत. इथे मेंढ्या राखणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांनी ओढ्याला 'बडा बडा' म्हटलं, त्यावरून हे नाव पडलं, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. बाबांना ती एकदम पटली. मी दहा टक्के मानते.

सूचना: उन्हाळ्यात जाऊ नका, आम्ही चुकलो. सावली नाही आणि माश्या तोंडात जातात. अर्धा दिवस पुरत नाही, मुक्काम करा. डबा घरून न्या, दोननंतर आम्हाला कुठेच गरम जेवण मिळालं नाही. तुरुंगाच्या भिंतीला टेकून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. पुस्तिकेतली अक्षरं बारीक आहेत, वयस्करांना वाचून दाखवावी लागतात.

पाचपैकी साडेचार. किल्ली परत देताना बाबांनी ती तळहातावर तोलली. "लोखंडाची आहे," म्हणाले, जरा नाराजीनेच.