ऑथेल्लोवर लिहायचंय: समीक्षा की स्वतःचा प्रवेश?

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' हे नाटक शिकवून संपलं की दरवर्षी कुणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन विचारतं, "मॅडम, समीक्षा लिहू की स्वतःचं काही लिहू?" प्रकल्पाला दोन्ही चालतं. एक तर समीक्षात्मक निबंध, नाहीतर नाटकातूनच फुटलेलं एखादं स्वगत, पत्र किंवा रंगमंचावर न आलेला प्रवेश. सांगलीच्या मुलांना दुसरी वाट परकी वाटायचं कारण नाही. इथून जवळच्या हरिपूरशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय, त्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली याच ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला. मूळ नाटकाला आपल्या भाषेत दिलेलं ते उत्तरच होतं.

बहुतेक मुलं स्वतःचं लिहायची वाट निवडतात ती सोपी वाटते म्हणून. एका मुलानं इयागोचं, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल खोटा संशय पेरणाऱ्या त्याच्या हाताखालच्या माणसाचं, तुरुंगातलं स्वगत लिहून आणलं. तीन पानं, भाषा झकास. लहानपणची गरिबी, झालेला अपमान, मग सूड. वाचून मी त्याला शेवटचा अंक उघडायला लावला. हे सगळं का केलंस, असं ऑथेल्लो विचारतो तेव्हा इयागो सांगतो की यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. ते न मिळालेलं उत्तर घेऊनच प्रेक्षक घरी जातो. मुलाच्या तीन पानांनी नेमकं तेच बुजवून टाकलं होतं.

त्याच मुलाच्या प्रश्नाला समीक्षा फार शोभली असती. इयागो कारणं देतो, आणि एकापेक्षा जास्त देतो. कधी आपल्याला डावलून कॅसिओला मिळालेली बढती, तर कधी ऑथेल्लोचं आपल्या बायकोशी काही आहे हा संशय. कुठलं कारण कुणासमोर सांगतो, एकटा असताना काय म्हणतो, आधीच्या कारणाचं पुढे काय होतं, हे प्रवेशागणिक टिपत गेलं की निबंध आपोआप उभा राहतो. ज्याच्या डोक्यात 'का' घोळतोय त्यानं समीक्षाच लिहावी.

आता उलटं उदाहरण. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डिमोनाचा रुमाल पडतो. तिची सोबतीण एमिलिया तो उचलून आपल्या नवऱ्याला, म्हणजे इयागोला देते. त्याला तो कशाला हवाय हे तिला माहीत नसतं. पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना तिला विचारते, रुमाल कुठे हरवला असेल गं? एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. ती खोटं का बोलली, हे नाटक सांगत नाही. मिरजेहून येणाऱ्या एका मुलीनं हा एकच क्षण घेतला आणि जेमतेम एक पान लिहिलं. तिची एमिलिया कपड्यांच्या घड्या घालतेय, प्रश्न कानावर येतो आणि हात थांबतात. मग हे: "खरं सांगितलं तर आज घरी माझी खैर नाही. नाही सांगितलं तर बाईसाहेबांना थोडा त्रास. थोडाच, असं मला वाटलं."

त्या 'थोडाच'वर मी किती तरी वेळ अडकले. पुढे याच रुमालावरून संशय पक्का होऊन ऑथेल्लो डेस्डिमोनाचा जीव घेणार हे आपल्याला ठाऊक आहे, एमिलियाला नाही. एमिलियाला कुठल्या क्षणी किती माहीत आहे, याचा हिशेब लावल्याशिवाय तो शब्द सुचत नाही. त्या मुलीनं नाटक किमान तीनदा वाचलं असणार.

काही जागा दोन्ही वाटांना पुरून उरतात. मरणाच्या आधी डेस्डिमोना विलो झाडाचं गाणं म्हणते. आईची एक दासी हे गाणं म्हणत म्हणतच गेली, असंही सांगते. नाटकाच्या १६२२ सालच्या छापील प्रतीत हे गाणं नाही, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या संग्रहात आहे. समीक्षा लिहिणाऱ्यानं गाण्याच्या ओळींवर कागद ठेवून प्रवेश वाचावा, मग कागद काढून पुन्हा वाचावा. काय हललं, तेच लिहावं. स्वतःचं लिहिणाऱ्यानं त्या दासीला आपल्याकडच्या जात्यावर बसवावं आणि तिच्या तोंडी चार ओव्या घालाव्यात. आजी घरात असेल तर तिला आधी ऐकवाव्यात.

बाकीचं थोडक्यात. समीक्षेला वेळ जास्त लागतो, पण गाडी कुठे अडलीय ते लवकर कळतं. स्वतःचं लिखाण एका रात्रीत झाल्यासारखं वाटतं आणि तिथंच फसतं, म्हणून त्याच्यासोबत मी एक पानाचं टिपण मागते: कुठल्या ओळीवरून सुचलं आणि मूळ नाटकातलं काय जसंच्या तसं ठेवलं. गाइडमधून उतरवलेली समीक्षा पहिल्या परिच्छेदातच ओळखू येते. आणि नाटक एकदाच वाचून झालं असेल तर समीक्षाच घ्या, कारण ती तुम्हाला संहितेकडे परत पाठवते.

तरीही ठरत नसेल तर तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश मैत्रिणीबरोबर मोठ्यानं वाचा. घरात गोंगाट असेल तर कृष्णेच्या घाटावर जा. वाचताना हातातली पेन्सिल समासात प्रश्नचिन्हं काढतेय, की एखाद्या गप्प पात्राचं बोलणं मनात सुरू झालंय, एवढंच बघा.

यंदा कुणी बियांकाकडे, कॅसिओवर जीव लावणाऱ्या त्या बाईकडे, वळलं तर मला फार आनंद होईल. कॅसिओ तिच्या हाती तोच रुमाल देतो आणि त्यावरची नक्षी उतरवून दे म्हणतो. रुमाल कुणाचा हे तिला माहीत नसतं, आणि शेवटी कॅसिओवरच्या हल्ल्याचा आळ इयागो तिच्यावरच ढकलतो. तिच्यावर आमच्या वर्गात अजून एकही ओळ लिहिली गेलेली नाही. समीक्षा आणा, नाहीतर पत्र आणा, मी वाट बघतेय.