लेझर हेअर रिमूव्हल: वर्षभरानंतर, उन्हाबद्दल थोडं जास्तच

काखा आणि हात असं आठ सिटिंगचं पॅकेज, डायोड (लेझरचा एक प्रकार) मशीन, पुण्यातलं क्लिनिक. वर्ष होत आलं. केसांबद्दल तक्रार नाही. काखेत जवळजवळ उरले नाहीत, हातांवर आहेत ते विरळ आणि मऊ. वॅक्सिंगचा खर्च आणि आग दोन्ही सुटलं, त्यासाठी पैसे वसूल.

पण उन्हाबद्दल पॅकेज विकताना चकार शब्द निघाला नाही. फॉर्मवर बारीक अक्षरात 'ऊन टाळावे' एवढंच.

मी रोज दुचाकीवर. सनकोट आणि हातमोजे असले तरी बाही वर सरकते आणि मनगटाच्या वर एक पट्टा रापतोच. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी तो पट्टा बघून सिटिंग पुढे ढकललं, तेव्हा मी चांगलीच चिडले होते. रजा टाकून गेले होते, वाटलं, लांबण लावायची यांची युक्ती. मेमध्ये डॉक्टर नव्हत्या. टेक्निशियनने काही न विचारता नेहमीच्याच सेटिंगवर हात करून टाकले. रात्री आग थांबेना. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यावर मशीनच्या टोकाच्या मापाचे चौकोन उठले, एकाशेजारी एक, दोन ठिकाणी फोड. पुढे ते चौकोन काळे पडले आणि फिके व्हायला दिवाळी उजाडली. काखेला त्याच दिवशी, त्याच मशीनने काहीही झालं नाही. तिथे ऊन पोचतच नाही.

कारण सरळ आहे. लेझर शोधतो मेलॅनिन, म्हणजे केसांना आणि कातडीला रंग देणारं द्रव्य. केसातल्या मेलॅनिनने प्रकाश शोषला की मुळाशी उष्णता जाते. रापलेल्या कातडीत वरच्या थरातच मेलॅनिन वाढलेलं असतं, मग उष्णता तिथेच अडते: कातडी भाजते आणि केसाला कमी मिळते. आपल्याकडच्या सावळ्या रंगाला तर मुळात काळजीनेच सेटिंग लावावं लागतं. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग हा दुसऱ्या प्रकारचा लेझर खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, म्हणून सावळ्या कातडीला ८०० च्या आसपासच्या डायोडपेक्षा सुरक्षित धरतात. पण ताज्या रापलेल्या हातावर तोही बेधडक मारायचा नसतो. एप्रिलमध्ये परत पाठवणाऱ्या डॉक्टरांबद्दलचं माझं मत आता पूर्ण बदललंय. परत पाठवणारं क्लिनिक चांगलं.

आता पॅकेजची व्हॅलिडिटी, जिच्यावर माझा खरा राग आहे. आठ सिटिंग, मध्ये सहा-सहा आठवडे, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत ४२ आठवडे. व्हॅलिडिटी एक वर्षाची, ५२ आठवडे. शिल्लक दहा. पुण्याचा उन्हाळाच मार्च ते मे, तेरा आठवड्यांचा! टॅन उतरायला महिनाभर थांबा म्हणतात, भाजल्यावर तर त्याहून जास्त थांबावं लागलं. ते आठवडे माझ्या खात्यातून गेले. काउंटरवर उत्तर मिळालं, 'सिस्टीममध्ये वाढवता येत नाही.' शेवटचं सिटिंग अजून अडकलंय. त्यासाठी भांडतेय, लेखी अर्ज दिलाय.

करायचंच असेल तर जूनच्या सुरुवातीलाच सुरू करा, मार्चअखेर आठही उरकतात. फेब्रुवारीत 'लग्नसराई ऑफर' म्हणून गळ्यात मारतात ते घेऊ नका. ढगाळ हवेतही हात रापतात, गाडीच्या काचेतून यूव्हीए (उन्हातले कातडी रापवणारे अतिनील किरण) येतो, तेव्हा पावसाळा म्हणून सनस्क्रीन सोडू नका. एसपीएफ ३० च्या वरचं, पीए रेटिंग (यूव्हीएपासून किती बचाव होतो ते) बघून, दर दोन तासांनी. दोन्ही हातांना लावायचं तर ट्यूब भराभर संपते, म्हणून मी मनगटाला इलॅस्टिक लावलेला सुती सनकोट शिवून घेतला. तो सनस्क्रीनपेक्षा स्वस्त पडला आणि पट्टाही रापायचा थांबला.

आणि पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी पावतीवर लिहून घ्या: टॅनमुळे सिटिंग पुढे गेलं तर तेवढे आठवडे व्हॅलिडिटी वाढेल, आणि दर वेळी डॉक्टर हात बघूनच सेटिंग ठरवतील. लिहून द्यायला नाही म्हणाले तर दुसरीकडे चौकशी करा.