सिग्मा रूल्स: अनुभवी अ‍ॅनालिस्टची नजर यॅमल फाइलीत किती मावते?

सॉकमधला (सायबर हल्ल्यांवर पाळत ठेवणाऱ्या केंद्रातला) जुना माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर काय गेलं हे लगेच कळत नाही. रांगेतले अ‍ॅलर्ट तेवढेच असतात, पण कुठला आधी उघडायचा आणि कुठल्यावर वेळ घालवायचा नाही हे सांगणारं कोणी उरत नाही. ही जाण सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचा सिग्मा हा एक खुला आणि मोफत मार्ग: लॉगमधल्या नोंदींत संशयास्पद काय ते शोधणारे नियम, म्हणजे रूल्स, लिहायची पद्धत. फ्लोरियन रोथ आणि थॉमस पात्झके यांनी २०१७ च्या सुमारास तो सुरू केला आणि आज त्याच्या मुख्य संग्रहात ३,००० हून जास्त रूल्स आहेत. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे: तज्ज्ञाला जे ठाऊक असतं त्यातलं किती इथे टिकतं?

रचना साधी आहे. एक रूल म्हणजे एक यॅमल (साध्या मजकुराची) फाइल. 'लॉगसोर्स'मध्ये नोंदी कुठून येणार ते लिहायचं, 'डिटेक्शन'मध्ये काय शोधायचं ते, आणि 'कंडिशन'मध्ये त्या तुकड्यांचा संबंध. फाइल कुठल्याही एसआयईएमच्या (सगळे लॉग गोळा करून त्यांत शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) भाषेत नसते. सिग्मा-सीएलआय हे साधन तिचं स्प्लंक, इलास्टिक किंवा मायक्रोसॉफ्टच्या कुस्टोमधल्या क्वेरीत रूपांतर करतं. एसआयईएम बदलला तरी रूल्स हातात राहतात, एवढ्या एका कारणासाठीही हे शिकणं परवडतं.

चांगला रूल कसा दिसतो याचं उत्तम उदाहरण म्हणजे एलसॅसच्या (विंडोजमध्ये लॉगिनची माहिती सांभाळणाऱ्या प्रोसेसच्या) मेमरीचा डंप, म्हणजे फाइलीत काढलेली प्रत, पकडणारा. रनडीएलएल३२ हे विंडोजचंच साधन वापरून कॉमएसव्हीसीएस डीएलएलमधलं मिनीडंप हे फंक्शन चालवायचं, ही पासवर्ड चोरायची जुनी युक्ती. नवखा माणूस कमांड लाइनमध्ये 'मिनीडंप' हा शब्द शोधेल आणि काम झालं म्हणेल. जाणकाराला माहीत असतं की फंक्शन नावाऐवजी क्रमांकानेही बोलावता येतं, आणि तो क्रमांक २४ आहे. त्याहून मुरलेल्याला हेही माहीत असतं की क्रमांक १६ बिटांत कापला जातो, म्हणून ६५,५३६ अधिक २४, अर्थात ६५५६० लिहिलं तरी तेच फंक्शन चालतं. संग्रहातल्या रूलमध्ये हा आकडासुद्धा आहे. शिवाय कोणी रनडीएलएल३२ ची प्रत दुसऱ्या नावाने ठेवली तर काय, म्हणून फाइलच्या नावाबरोबर मूळ नावाची फील्डही तपासलेली असते. कोणाच्या तरी डोक्यातली इतकी बारीक माहिती चार ओळींत बसलेली बघून बरं वाटतं.

मॉडिफायर्समध्येही (फील्डच्या नावाला जोडायच्या सूचनांमध्येही) असंच शहाणपण भरलेलं आहे. बेस६४ ही एन्कोडिंगची पद्धत दर तीन बाइट्सची चार अक्षरं करते, त्यामुळे शोधायचा शब्द मजकुरात कुठे सुरू होतो यावर त्याची तीन वेगवेगळी रूपं होतात. 'बेस६४ऑफसेट' हा मॉडिफायर तिन्ही रूपं आपोआप काढतो. पॉवरशेलच्या एन्कोडेड कमांडसाठी मात्र त्याच्या आधी 'यूटीएफ१६एलई' लावावा लागतो. तो विसरला तर रूल व्याकरणात अगदी बरोबर असतो आणि जन्मात काही पकडत नाही.

फिल्टरच्या नावांचा संकेत मला विशेष आवडतो. सगळीकडे लागू पडणारे अपवाद 'फिल्टर_मेन_' या उपसर्गाने लिहायचे आणि विशिष्ट सॉफ्टवेअर असेल तरच लागणारे 'फिल्टर_ऑप्शनल_' ने. 'एक्स्पांड' मॉडिफायर वापरला तर अ‍ॅडमिनची खाती किंवा बॅकअप सर्व्हरची नावं रूलमध्ये लिहावीच लागत नाहीत. तिथे फक्त जागा राखायची, खरी यादी पाइपलाइनमध्ये (रूपांतर करताना लागणाऱ्या आपल्या सेटिंगमध्ये) भरायची. जगभर चालणारं ज्ञान एकीकडे आणि आपल्या संस्थेपुरतं दुसरीकडे. रूल बाहेर शेअर करताना ही विभागणी फार उपयोगी पडते.

आता अडचणी. पहिली पाइपलाइनची, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. 'प्रोसेस_क्रिएशन' प्रकारचे रूल्स सिसमॉन या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिंग साधनाच्या १ क्रमांकाच्या इव्हेंटमधली फील्ड्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. तुमच्याकडे विंडोज सिक्युरिटी लॉगमधला ४६८८ क्रमांकाचा इव्हेंट असेल तर 'इमेज'चं 'न्यू प्रोसेस नेम' करणारी मॅपिंग लागते. ती लावली तरी मूळ नावाची फील्ड ४६८८ मध्ये नसतेच, आणि कमांड लाइनही ग्रुप पॉलिसीत वेगळी सुरू केल्याशिवाय रिकामी येते. म्हणजे वरचा एलसॅसचा रूल तिथे बिनतक्रार कन्व्हर्ट होतो, डॅशबोर्डवर हिरवा दिसतो आणि आंधळा असतो. स्प्लंकसाठी पाइपलाइन न देता कन्व्हर्ट करायला गेलात तर सीएलआय अडवतं. ती अडवणूक त्रासाची वाटली तरी 'विदाउट पाइपलाइन' देऊन पुढे जाऊ नका.

दुसरी बॅकस्लॅशची. फोल्डरच्या पाथनंतर लगेच तारांकन लिहिलं की आधीचा एकटा बॅकस्लॅश त्या तारांकनाला साधं अक्षर बनवतो, वाइल्डकार्ड राहत नाही. तिथे दोन बॅकस्लॅश हवेत. तिसरी यादीची: यॅमलमध्ये डॅश देऊन लिहिलेल्या ओळींचा अर्थ 'किंवा', एकाखाली एक लिहिलेल्या फील्ड्सचा अर्थ 'आणि'. सगळे शब्द एकत्र हवे असतील तर 'ऑल' मॉडिफायर लागतो. एक डॅश चुकला की रूल दिवसभर ओरडत बसतो.

आणि खरी उणीव इथून पुढे आहे. काय शोधायचं ते सिग्मा उत्तम टिपतं. सापडल्यावर काय करायचं, याला त्यात जागाच नाही. 'फॉल्स पॉझिटिव्ह्ज' नावाची फील्ड आहे, पण कित्येक रूल्समध्ये तिथे 'अननोन' एवढंच लिहिलेलं असतं. रात्रपाळीतल्या पोराला त्या शब्दाचा काय उपयोग? रूल कुठल्या वेळी फसेल, कशाला आंधळा आहे, पहिली खात्री कुठे करायची, हे तज्ज्ञाचं अर्धं भांडवल फाइलीबाहेरच राहतं. पॅलँटिर या कंपनीने जाहीर केलेल्या एडीएस या डिटेक्शनची माहिती लिहून ठेवायच्या आराखड्यात 'ब्लाइंड स्पॉट्स', 'व्हॅलिडेशन' आणि 'रिस्पॉन्स' असे स्वतंत्र भाग आहेत. सिग्माशेजारी तसा कागद ठेवल्याशिवाय काम पुरं होत नाही.

सिग्मामध्ये स्वतःच्या फील्ड्स घालायला मुभा आहे, पण बहुतेक बॅकएंड्स (एकेका एसआयईएमसाठी रूपांतर करणारे भाग) फक्त क्वेरी काढून देतात, त्यामुळे त्या अ‍ॅलर्ट बघणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. उपाय असा: संग्रहातल्या प्रत्येक रूलला यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) असतोच. त्याच आयडीने विकीवर एक पान ठेवायचं आणि अ‍ॅलर्टमध्ये त्या पानाची लिंक घालायची.

पान भरायचं कसं? तज्ज्ञाला 'तुम्ही कसं ओळखता?' असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं. त्याऐवजी बंद झालेली एक खरी केस समोर ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. पहिल्यांदा कुठली फील्ड बघितली? कुठली एक गोष्ट वेगळी असती तर पाच मिनिटांत बंद केली असती? काय बघायचं होतं पण लॉगमध्ये नव्हतं? पहिलं उत्तर 'डिटेक्शन'मध्ये जातं, दुसरं फिल्टरमध्ये किंवा विकीवर, तिसरं 'ब्लाइंड स्पॉट्स'मध्ये.

कोरिलेशनची (अनेक नोंदी एकत्र मोजून बघायची) सोय आता बरी झाली आहे. एकाच खात्यावर वारंवार चुकलेली लॉगिन मोजायला 'इव्हेंट काउंट', आणि एकाच पत्त्यावरून अनेक खात्यांवर झालेला प्रयत्न पकडायला 'व्हॅल्यू काउंट'. दोन्हींत गल्लत केली तर पासवर्ड स्प्रेइंग निसटतं, कारण तिथे एकेका खात्यावर जेमतेम एक-दोनच प्रयत्न असतात. सगळे बॅकएंड्स कोरिलेशन सांभाळत नाहीत, तेवढं आधी बघून घ्या.

चाचणीच्या बाबतीत गैरसमज नको. 'सिग्मा चेक' व्याकरण आणि संकेत तपासतं, रूल खरंच लागतो का ते नाही. त्यासाठी टेस्ट मशीनवर अ‍ॅटॉमिक रेड टीम या हल्ल्यांच्या तयार चाचण्यांच्या संग्रहातली टी१००३.००१ ची, म्हणजे एलसॅस डंपची, चाचणी चालवा, विंडोजच्या लॉग फाइली उचला आणि हायाबुसा किंवा चेनसॉ या लॉग तपासणाऱ्या साधनाने त्यावर रूल चालवून बघा. शेवटी तीच क्वेरी एसआयईएममध्येही चालवायची, कारण मॅपिंगमधली चूक फक्त तिथेच उघडी पडते.

संग्रहातली फाइल जागेवर बदलू नये. पुढच्या अपडेटला बदल तरी पुसला जातो, नाहीतर मर्ज अडकतो. प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, नवा आयडी द्या आणि 'रिलेटेड'मध्ये मूळ आयडी 'डिराइव्ह्ड' म्हणून नोंदवा. मूळ लेखकाचं नाव काढू नका, संग्रहाच्या डिटेक्शन रूल लायसन्सची तशी अटच आहे.