‘टेबल ४’चा टी मोठा की लहान? शिकागो आणि एपीए

प्रबंध इंग्रजीत लिहायचा तर टेबल, चॅप्टर, फिगर हे शब्द आकड्याआधी आले की पहिल्या लिपीत सुरू करायचे की दुसऱ्या, हे आधीच ठरवलेलं बरं. विद्यापीठानं शैली नेमून दिली असेल तर प्रश्नच नाही. मोकळीक असेल, तर शिकागो (‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’चे लेखननियम) आणि एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे) या दोन्ही शैलींतले प्रबंध मी तपासले आहेत, त्यावरून सांगतो.

शिकागोत वाक्याच्या मध्ये सगळं लहान: चॅप्टर ३, टेबल ४, पेज १२. लक्षात ठेवायला सोपं. पानही शांत दिसतं. इतिहासाच्या प्रबंधाला ते शोभतं.

एपीएत आकडा जोडला की ते त्या तक्त्याचं नावच झालं, म्हणून टी मोठा. नुसतं ‘धिस टेबल’ असेल तर लहान. पण पेज, पॅराग्राफ, रो, कॉलम आकड्यासकट लहानच राहतात. त्यामुळे ‘कॉलम ५ ऑफ टेबल २’ लिहिताना सी लहान आणि टी मोठा. सुरुवातीला हे खटकतं, पुढे हात बसतो.

माझा कल ठरला तो भाजीपाला उत्पादकांवरच्या एका प्रबंधामुळे. शैली शिकागो, मजकुरात तक्त्यांचे आलेले सगळे संदर्भ हातानं टाइप केलेले. शेवटच्या आठवड्यात मध्येच एक तक्ता वाढला आणि टेबल ४पासून पुढचे सगळे क्रमांक सरकले. मी आधी मथळे बदलले. मग मोठ्या टीच्या त्या मथळ्यांना धक्का लागू नये म्हणून वर्डच्या शोधाला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक पाळायला सांगून लहान टीचा ‘टेबल’ शोधत गेलो. दर दोन ओळींनी ‘व्हेजिटेबल’ समोर येत होतं, ते चाललं असतं. पण वाक्याच्या सुरुवातीचा टेबल शिकागोतही मोठ्या टीनंच लागतो. ते संदर्भ सगळे निसटले, जुन्या आकड्यांसकट छापले गेले आणि परीक्षकांच्या नजरेला आले. त्या विद्यार्थिनीला तोंडी परीक्षेत त्याची उत्तरं द्यावी लागली, ते मला फार लागलं.

एपीएत टेबल ४ वाक्यात कुठेही येवो, रूप एकच. मोठ्या टीनं शोधलं की व्हेजिटेबल गळतं, ‘धिस टेबल’ही गळतं, उरतात ते बहुतेक कामाचेच.

वर्डमधला क्रॉस-रेफरन्स (तक्त्याचा क्रमांक मजकुरात आपोआप आणणारी सोय) वापरणाऱ्यांना आकड्यांची ही काळजी नाही, हे खरं. पण तोही मथळ्यातला शब्द जसाच्या तसा, मोठ्या टीसकट उचलतो. शिकागोसाठी तो पुन्हा लहान करत बसावं लागतं. गाइडची हरकत नसेल, तर मी तरी एपीए घेईन.