अणुवीज: भट्टी चालवायची की तिच्यावर संशोधन करायचं?

बडोद्यात एम. एस. युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा केमिकल केलं आणि अणुऊर्जेत जायचं मनात असलं, की मुख्य वाटा दोन. एक, देशातली अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीची एक्झिक्युटिव्ह ट्रेनी. दुसरी, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचा वर्षभराचा अभ्यासक्रम, ज्याला सगळे ओसीईएस म्हणतात. घरी चर्चा हमखास पगारावरून सुरू होते आणि तिथेच अडकते. खरं तर त्यात तुलना करण्यासारखं फार काही नाही. दोन्हीकडे वर्षभर प्रशिक्षण, मग सायंटिफिक ऑफिसर ‘सी’, सुरुवातीचं मूळ वेतन 56,100 रुपये आणि तीन वर्षांचा बाँड. इंजिनिअरिंगला 60 टक्के हवेत. एनपीसीआयएल गेट या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतं. भाभा केंद्राकडे गेटखेरीज त्यांची स्वतःची परीक्षाही आहे. शेवटची निवड मात्र दोघेही मुलाखतीवरच करतात, त्यामुळे गेटचा स्कोअर झळकला म्हणून पेढे वाटायची घाई नको.

खरा फरक रोजच्या कामात आहे.

आपल्याला जवळचं उदाहरण एनपीसीआयएलच्या काकरापार केंद्राचं, सुरतेच्या पुढे व्याऱ्याजवळ. तिथे 220 मेगावॅटच्या दोन जुन्या भट्ट्या आहेत आणि 700 मेगावॅटच्या दोन नव्या. नव्यांपैकी तिसरं युनिट जुलै 2020 मध्ये क्रिटिकल झालं, म्हणजे तिथली साखळी अभिक्रिया आपली आपण चालू राहू लागली, चौथं डिसेंबर 2023 मध्ये. चारही युनिटं नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालतात. ऑपरेशनला गेलात तर तुमचं आयुष्य कंट्रोल रूमभोवती फिरणार: आधी प्लांटमधला एकेक व्हॉल्व्ह, एकेक पंप पाठ करायचा, मग सिम्युलेटर, मग लायसन्सच्या लेखी परीक्षा आणि मुलाखती. लायसन्स मिळालं तरी ठरावीक काळाने पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते.

या कामाला कसं डोकं लागतं ते झेनॉनवरून कळतं. भट्टी ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, की आधीच साठलेल्या आयोडीन-135 पासून झेनॉन-135 हा वायू तयार होत राहतो आणि तो भट्टी चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळतो. साधारण अर्ध्या-पाऊण तासात भट्टी परत वर आणता आली तर ठीक, नाहीतर झेनॉन ओसरेपर्यंत दीडेक दिवस थांबा. पण ट्रिप का झाली हे नीट कळल्याशिवाय चालू करायची नाही. घड्याळ पुढे सरकतंय, वीज बुडतेय, आणि तरी शांतपणे ‘थांबू या’ म्हणणारा इंजिनिअर तिथे हवा असतो. शिवाय बंद भट्टी म्हणजे थंड भट्टी नव्हे. 700 मेगावॅटच्या युनिटमध्ये बंद केल्याच्या क्षणी शंभर मेगावॅटहून जास्त उष्णता निघतच असते. ती काढत राहणं हेही पाळीवरच्या माणसाचंच काम.

आता दुसरी बाजू. 11 मार्च 2016 रोजी काकरापारच्या पहिल्या युनिटमध्ये एका कूलंट चॅनेलमधून, म्हणजे इंधन थंड ठेवणारं पाणी वाहतं त्या नळीतून, गळती झाली. भट्टी बंद करून परिस्थिती हाताळली ती प्लांटवरच्या लोकांनी. पण नळी का फुटली? तो शोध बराच काळ चालला, खराब नळी भाभा केंद्रात तपासणीला गेली, आणि शेवटी त्या युनिटचे सगळेच कूलंट चॅनेल बदलले. ‘का’ विचारत एकाच धातूमागे महिनोन्‌महिने बसायला ज्याला आवडतं, त्याने ओसीईएसकडे जावं. तिथली नेमणूक भाभा केंद्रात, इंदूर किंवा कल्पक्कमच्या अणुसंशोधन केंद्रात किंवा अणुऊर्जा नियामक मंडळातही होऊ शकते. मात्र अभ्यासक्रमात ठरावीक गुण पडले नाहीत तर नोकरीही नाही, हे लक्षात ठेवा. वर्षभराच्या त्या परीक्षा चांगल्याच पिळून काढतात.

आयआयटी कानपूरचा न्यूक्लिअर इंजिनिअरिंगमधला एमटेक हा तिसरा पर्याय. परदेशात पीएचडी करायची असेल तर उत्तम. भारतात भट्टीवर काम करायचं असेल तर माझ्या मते लांबचा फेरा. डिप्लोमावाल्यांनी एनपीसीआयएलच्या स्टायपेंडरी ट्रेनीच्या, म्हणजे विद्यावेतनावरच्या प्रशिक्षणार्थींच्या, जाहिराती बघाव्यात.

माझा कौल विचाराल तर: यंत्र डोळ्यांसमोर चालताना बघायला आवडत असेल, हुकूम आणि शिस्त जाचत नसेल, रात्रपाळीने डोकं फिरत नसेल, तर एनपीसीआयएल. गणपतीत दहा दिवस बडोद्यात हवंच असेल, तर पाळीची नोकरी धरू नका. विसर्जनाच्या दिवशीही भट्टीला माणूस लागतो.

आणि काकरापारच मिळेल या हिशोबाने फॉर्म भरू नका. रावतभाटा, कैगा, कुडनकुलम, कुठेही जावं लागेल. मुलाखतीत पोस्टिंगचं विचारलं तर ‘घराजवळ हवं’ एवढंच उत्तर तयार असेल, तर ते आधीच घरी बोलून घ्या.