झीरो की थंडरबोल्ट?

मामेभाऊ वॉर थंडर या ऑनलाइन युद्धखेळात अडकलाय: जपानी झीरो हे लढाऊ विमान घेऊन गरगर वळत लढायचं, की अमेरिकी पी-४७ थंडरबोल्ट घेऊन वरून झडप घालायची?

शिकायला झीरो सोपं. स्टिक (विमान वळवायचा दांडा) ओढली की दोन घिरट्यांत समोरच्याच्या शेपटीमागे. पण प्रत्येक वळणात वेग गळतो, आणि तेवढ्यात वरून तिसरा कोणी आला तर पळणार कशाच्या जोरावर? सुरुवातीच्या झीरोला चिलखत नाही, इंधनटाकीला भोक आपोआप बुजवणारं अस्तरही नाही; एक फैर लागली की पेटलंच. त्यात सूर मारून वेग वाढवलात, तर स्टिक दगडासारखी जड.

पी-४७चं काम संयमाचं. आधी नुसतं चढत राहायचं (मी तेवढ्यात चहा टाकून येतो). मग सूर, आठ मशीनगनची एकच फैर, आणि त्याच वेगात परत वर. नेम चुकला तरी मागे वळायचं नाही! इथेच सगळे मरतात, मीसुद्धा. मार मात्र भरपूर सोसतं.

जेवणाआधी वीस मिनिटं मोकळी असतील आणि हात शिवशिवत असतील, तर झीरो. विमान पडलं की खेळ संपला, अशा लढतीत पी-४७च.