योगशिक्षक प्रशिक्षणाच्या नावाखाली नागपुरात झालेली फसवणूक

योगशिक्षक होण्याची मनापासून इच्छा असणाऱ्यांना आपल्या शहरात कोणत्या पद्धतीने लुबाडले जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि इतर कोणाचे पैसे त्यात जाऊ नयेत म्हणून ते सविस्तर लिहीत आहे. ग्राहक आयोगात तक्रार प्रलंबित असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही.

रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या कार्यामुळे नागपुरात विनामूल्य योगवर्गांची जुनी परंपरा आहे. माझा अभ्यासही अशाच एका पहाटेच्या वर्गात झाला. पुढे हीच विद्या शिकवून घराला थोडा हातभार लावावा, या विचाराने मी वर्धा रोडवरील एका संस्थेच्या दोनशे तासांच्या शिक्षक प्रशिक्षणाला ४५,००० रुपये भरून प्रवेश घेतला. ‘आयुष मंत्रालय मान्य’, ‘योगा अलायन्सचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ आणि ‘वेलनेस रिसॉर्टमध्ये नोकरीची हमी’ अशी जाहिरात होती. प्रवेशापूर्वी मी मान्यतेचे कागद मागितले, तेव्हा संचालकांनी फाइल समोर ठेवली आणि म्हणाले, “ताई, सगळं शासनाचं आहे, निश्चिंत राहा.”

फाइलमधले कागद खरे होते, परंतु त्यांपैकी एकही मान्यतेचा नव्हता. एक सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीचा, दुसरा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या ‘उद्यम’ नोंदणीचा आणि तिसरा आयएसओ ९००१ चा. न्यास नोंदला म्हणून त्याचा अभ्यासक्रम शासनमान्य होत नाही. उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर आणि मोफत मिळते. आणि आयएसओ ९००१ हे व्यवस्थापन-पद्धतीचे प्रमाणन असून योग शिकवण्याच्या पात्रतेशी त्याचा संबंध नाही. आयुष मंत्रालयाशी संलग्न योग प्रमाणन मंडळाच्या व्यवस्थेत उमेदवाराला लेखी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा द्यावी लागते, आणि आमच्याकडे तर परीक्षाच झाली नाही. योगा अलायन्स ही अमेरिकेतील ना-नफा संस्था आहे. ती स्वतः शिक्षकांना प्रमाणित करत नाही, तर प्रशिक्षण देणाऱ्या शाळांची आणि तेथे शिकलेल्या शिक्षकांची नोंदणी करते, आणि नोंदलेली शाळा कोणालाही तिच्या संकेतस्थळावर शोधता येते. आमची संस्था तेथे सापडली नाही.

तासांचा हिशेबही तसाच होता. वर्ग फक्त शनिवार-रविवारी सकाळी भरत आणि उरलेले तास ‘स्वाध्याय’ म्हणून हजेरीपटावर लिहिले जात. शरीररचनेचा भाग मोबाइलवर पाठवलेल्या चित्रफितींवर उरकला गेला. दुसऱ्याला शिकवण्याचा सराव, जो शिक्षक प्रशिक्षणाचा गाभा असायला हवा, तो झालाच नाही. मला सर्वांत अधिक संताप येतो तो एका प्रसंगाचा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या एका काकूंना भिंतीला टेकवून शीर्षासन करायला लावले. उच्च रक्तदाबात हे आसन वर्ज्य मानले जाते, हे कोणत्याही जाणत्या शिक्षकाला माहीत असते. पण येथे कोणाचीही प्रकृती आधी विचारलेलीच नव्हती. काकूंना घेरी आली तेव्हा ‘सवय नाही म्हणून होतं’ एवढेच उत्तर मिळाले. पैसे बुडाले तर पुन्हा कमावता येतात, परंतु असे प्रशिक्षण घेतलेली माणसे उद्या कोणाच्या तरी मानेशी आणि मणक्याशी खेळणार आहेत, याची मला खरी काळजी वाटते.

शेवटी सोनेरी शिक्क्याची प्रमाणपत्रे वाटली गेली. घरी परतताना मैत्रिणीचे आणि माझे प्रमाणपत्र शेजारी धरून पाहिले, तर नावे वेगळी होती आणि नोंदणी क्रमांक अक्षरशः एकच होता.

नोकरीच्या हमीचे रूपांतर मग दुसऱ्या मागणीत झाले. आखाती देशातल्या रिसॉर्टमध्ये जागा आहे, मात्र ‘प्रोसेसिंग’साठी ६०,००० रुपये आधी भरा, असे एका सल्लागाराने सांगितले. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला उत्प्रवासन अधिनियम, १९८३ खाली नोंदणी लागते, सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे आणि नोंदणीकृत एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. मी परवाना क्रमांक विचारताच त्यांचा फोन बंद झाला. ज्या सहाध्यायीने यूपीआयने आगाऊ रक्कम पाठवली होती, तिने त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली आणि काही रक्कम समोरच्या खात्यातच गोठवली गेली. उशीर झाला असता तर तेवढेही हाती लागले नसते.

सर्वांत धूर्त भाग पावतीत होता. शुल्क म्हणून घेतलेल्या पैशांच्या पावतीवर बारीक अक्षरांत ‘ऐच्छिक देणगी’ असे छापलेले होते आणि ग्राहक आयोगात संस्थेने आता तोच बचाव घेतला आहे: आम्ही सेवा विकली नाही, या बाईंनी दान दिले. त्यामुळे कोठेही पैसे भरताना पावतीवर ‘शुल्क’ आणि अभ्यासक्रमाचे नाव लिहून घ्यावे, तसेच पैसे घेणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात न भरता संस्थेच्या खात्यातच भरावेत.

आमच्या बाजूने आम्ही जाहिरात, ‘फीचा दुसरा हप्ता’ असा उल्लेख असलेले संचालकांचे व्हॉट्सअॅप संदेश आणि एकाच क्रमांकाची दोन्ही प्रमाणपत्रे दाखल केली आहेत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ज्यांच्याकडे अशीच ‘देणगी’ची पावती आहे, त्यांनी ती मुदत संपण्यापूर्वी आपली तक्रार स्वतंत्रपणे दाखल करावी आणि मोबाइलमधील एकही संदेश पुसू नये.